पानाच्या आत कोण कोण राहतं

परवा एका ताईंचा मेसेज आला, सोबत फोटो. कुंडीतल्या अडुळशाची वरची पाच-सहा पानं काजळ फासल्यासारखी काळी पडलेली, आणि खाली लिहिलेलं, "बुरशी आलीय, झाड उपटून टाकू का? आता ही पानं औषधाला चालतील का नाही?" मी म्हटलं थांबा हो, आधी ओल्या फडक्याने एक पान पुसून बघा आणि पान उलटं करून मागे काय आहे तेही बघा. पाच मिनिटांत दुसरा फोटो आला. काळं सगळं फडक्यावर, पान खालून हिरवंगार, आणि देठापाशी पांढरे पिठ्या ढेकूण ओळीने बसलेले.

म्हणजे ती काजळी होती. पिठ्या ढेकूण, मावा, पांढरी माशी हे सगळे पानातला रस ओढत बसतात, त्या रसातली साखर त्यांच्या गरजेपेक्षा जास्त असते, ती ते चिकट गोड थेंबांतून बाहेर टाकतात आणि त्या चिकट्यावर ही काळी बुरशी वाढते. पानात ती शिरत नाही, पानाचं काही खात नाही, फक्त ऊन अडवते. त्यामुळे तिच्यावर बुरशीनाशक मारत बसण्यात काही अर्थ नाही, ढेकूण घालवा, तिचं जेवण आपोआप बंद होतं. आता हिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक काळी बुरशी असते, मेलिओला, तिचे गोल मखमली काळे ठिपके असतात आणि कितीही पुसा ते जात नाहीत, कारण तिने पानाच्या वरच्या थरातल्या पेशींमध्ये बारीक शोषक अवयव खुपसलेले असतात आणि ती तिथूनच खाते. दिसायला दोघी काळ्या, पण एक नुसती ओट्यावर येऊन बसलेली आणि दुसरी खिडकीतून हात घालून स्वयंपाकघरातलं खाणारी.

ताईंचं काम झालं. पण ते "बुरशी आलीय" माझ्या डोक्यातून जाईना, कारण माझं एमएस्सीचं अख्खं एक वर्ष ह्याच कामात गेलंय, औषधी वनस्पतींच्या पानांवरच्या आणि पानांच्या आतल्या बुरश्या. आणि त्या वर्षात एक गोष्ट मला पक्की कळली, की उघड्यावर वाढलेल्या झाडाचं पूर्ण बिनबुरशीचं पान मला एकदाही मिळालं नाही. तुळस घ्या, गुळवेल घ्या, सदाफुली घ्या. अगदी चकचकीत, एक डाग नसलेलं पान असलं तरी.

आधी वरून सुरुवात करते. तुमच्याकडे साधा मायक्रोस्कोप असेल तर हे नक्की करून बघा. पारदर्शक सेलोटेपचा छोटा तुकडा पानावर हलकेच दाबायचा, अलगद काढायचा, स्लाइडवर लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू ह्या निळ्या रंगद्रावाचा एक थेंब टाकून त्यावर टेप चिकटवायची. बस एवढंच. मी पहिल्यांदा तुळशीच्या पानाची टेप बघितली तेव्हा कितीतरी वेळ आयपीसवरून डोळा काढला नव्हता. पानाचे तुटलेले केस, कुठून कुठून आलेले परागकण, धूळ, आणि ह्या सगळ्या पसाऱ्यात क्लॅडोस्पोरियम नावाच्या बुरशीच्या तपकिरी-हिरवट स्पोअर्सच्या, म्हणजे बीजाणूंच्या, साखळ्या, मध्येच अल्टरनेरिया ह्या दुसऱ्या बुरशीचा एखादा मोठा स्पोअर, गदेसारखा, आत आडव्या-उभ्या भिंती घातलेला. ज्या पानाच्या तेलाला आपण जंतुनाशक म्हणतो त्याच पानावर हे सगळे निवांत बसलेले.

निवांत म्हणाले खरी, पण पानाचा पृष्ठभाग ही राहायला फार अवघड जागा आहे. वर मेणाचा थर, त्यामुळे पाणी टिकत नाही. पहाटे दव पडतं तेव्हा काही तास ओलावा, दुपारी रखरखीत ऊन, पाऊस आला की धुऊन निघणार, आणि खायला काय तर पानातून झिरपलेली थोडी साखर, परागकण, किड्यांनी टाकलेलं काहीतरी. म्हणून इथे टिकणाऱ्या बऱ्याच बुरश्या गडद रंगाच्या असतात, त्यांच्या भिंतीतलं मेलॅनिन त्यांना अतिनील किरणांपासून वाचवतं. आणि काही यीस्टसारख्या, ज्या ओलावा मिळाला की भराभर वाढून घेतात.

त्यातल्या एका गुलाबी यीस्टची गंमत सांगायलाच हवी, स्पोरोबोलोमायसिस. ही आपले स्पोअर्स चक्क उडवते. त्यामुळे पान पेट्री प्लेटच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या चपट्या बशीच्या, झाकणाला आतून व्हॅसलिनने चिकटवायचं, खाली अगार, म्हणजे बुरशी वाढवायची जेली, आणि ठेवून द्यायचं. वरून स्पोअर्स खाली पडत राहतात आणि काही दिवसांनी अगारवर बारीक गुलाबी ठिपके उमटतात, तेही कुठेही नाही, बरोबर पानाच्या आकारात. माझ्या एका प्लेटवर पानाची कडासुद्धा ओळखू येत होती. १९५५ च्या सुमारास एफ. टी. लास्ट ह्यांनी धान्यपिकांच्या पानांवरच्या ह्याच यीस्टवर काम करताना आणि १९५६ मध्ये याकोबा रुइनेन ह्यांनी इंडोनेशियातल्या झाडांवर काम करताना पानाच्या ह्या जगाला फायलोस्फिअर हा शब्द वापरला. मुळांभोवतीच्या जगाला रायझोस्फिअर हे नाव तेव्हा आधीच होतं, पानांच्या वाट्याला ते जरा उशिरा आलं.

आता आतलं. हे खरं माझ्या आवडीचं.

पानाच्या आत, पेशींच्या मधल्या फटींमध्ये, बुरशीचे धागे राहतात आणि बाहेरून काहीही दिसत नाही. ना डाग, ना पिवळेपणा. ह्यांना एंडोफाइट म्हणतात, झाडाच्या आत राहणाऱ्यांसाठी हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ आंटोन डी बारी ह्यांनी १८६६ मध्ये वापरला. कोवळं पान उघडतं तेव्हा बहुतेक झाडांत ते ह्या बुरश्यांपासून जवळजवळ मोकळं असतं, मग हवेतून, पावसाच्या शिंतोड्यांतून स्पोअर्स येऊन पडतात, रुजतात, काही पर्णरंध्रातून आत शिरतात, काही सरळ वरचा थर भेदून. म्हणून एकाच फांदीवरच्या जून पानात कोवळ्या पानापेक्षा ह्यांची गर्दी जास्त सापडते. काही गवतांमध्ये मात्र ती आईकडून थेट बीमध्ये जाते, तिथे बाहेरून यायची गरजच नाही.

मग आतलीच बुरशी आहे आणि वरची नाही हे कसं ठरवायचं? सगळं काम ह्या एका प्रश्नावर उभं असतं. पान वाहत्या पाण्याखाली धुवायचं, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये एक मिनिट, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये काही मिनिटं, परत अल्कोहोलची एक डुबकी, मग निर्जंतुक पाण्यात दोन-तीनदा. मग लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेल्या स्वच्छ हवेच्या कपाटात, निर्जंतुक ब्लेडने अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करून प्लेटवर मांडायचे, मीडियात, म्हणजे प्लेटमधल्या बुरशीच्या खाद्यात, अँटिबायोटिक घातलेलं असतं म्हणजे बॅक्टेरिया मध्ये येत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, धुतलेलं अख्खं पान कापायच्या आधी एका वेगळ्या प्लेटवर दाबून उचलून घ्यायचं. त्या ठशाच्या प्लेटवर काही उगवलं तर समजायचं वरची सफाई नीट झालेली नाही आणि अख्खा लॉट बाद.

माझा पहिला लॉट असाच बाद झाला. मला भीती वाटत होती की हायपोक्लोराइट जास्त झालं तर ते पातळ पानात मुरून आतल्या बुरश्यापण मारेल, म्हणून मी वेळ कमी ठेवला होता. तिसऱ्या दिवशी इन्क्युबेटर उघडला तर सगळ्या प्लेट्स काळ्या-हिरव्या, ॲस्परजिलस नावाची बुरशी नुसती माजलेली, आणि ठशाच्या प्लेटवरही तेच. गाइड मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "ऑटोक्लेव्ह कर आणि उद्या परत पानं आण." ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालच्या वाफेने सगळं मारून टाकणं. परत पानं आणली, वेळ अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने वाढवत गेले, तेव्हा कुठे ठशाची प्लेट कोरी राहिली. प्रत्येक झाडाच्या पानाला हा वेळ वेगळा लागतो हे तेव्हा शिकले, सदाफुलीचं गुळगुळीत पान लवकर साफ होतं, तुळशीच्या केसाळ पानात स्पोअर्स अडकून बसलेले असतात.

आणि मग पाचव्या दिवशीची ती प्लेट. अडुळशाचा तुकडा अजून हिरवाच होता, वरचा पृष्ठभाग स्वच्छ, आणि फक्त कापलेल्या कडेतून, जिथे ब्लेडने पानाचा आतला भाग उघडा केला होता तिथून, पांढरे रेशमासारखे धागे बाहेर येत होते. प्लेट दिव्यासमोर तिरकी धरली तर धाग्यांची टोकं चमकत होती. सगळीकडून नाही, नेमके त्या कापलेल्या रेषेतून. वाचून माहिती असणं वेगळं आणि हे समोर बघणं वेगळं. मी त्या दिवशी तासभर नुसती त्याच प्लेटची चित्रं काढत बसले होते.

किती प्रकार असतात ह्याचा अंदाज यावा म्हणून एकच उदाहरण देते. २००० साली पनामाच्या जंगलातल्या दोन जातींच्या झाडांच्या फक्त ८३ पानांमधून संशोधकांना दिसण्यावरून वेगळे वाटणारे ४१८ प्रकार मिळाले. ८३ पानं! आणि ओळख पटवणं हे वेगळंच दुखणं, कारण प्लेटवर वाढणाऱ्या कितीतरी कॉलनी स्पोअर्सच धरत नाहीत, नुसते पांढरे धागे, महिनोन्महिने. जुन्या रेकॉर्डमध्ये ह्यांची नोंद 'मायसेलिया स्टेरिलिया' अशी एका ढिगात केलेली दिसते. आता डीएनएचा आयटीएस नावाचा भाग वाचून नाव शोधतात, २०१२ मध्ये तो बुरश्यांसाठीचा अधिकृत बारकोड म्हणून सुचवला गेला, त्यामुळे काम बरंच सोपं झालंय, तरी प्रत्येक वेळी नाव मिळतंच असं नाही.

आता लोक जे नेहमी विचारतात त्याकडे येते: औषधी झाडाचं औषध झाड बनवतं का आतली बुरशी?

ह्यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट टॅक्सॉलची. पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून मिळालेलं कॅन्सरचं औषध, १९७१ मध्ये रचना कळली, १९९२ मध्ये अमेरिकेत मंजुरी. सालीसाठी झाडं तोडावी लागत होती आणि हे झाड वाढतं फार हळू. आणि १९९३ मध्ये मोंटानातल्या स्टिअर्ल आणि स्ट्रोबेल ह्यांच्या गटाने जाहीर केलं की ह्याच झाडातली एक बुरशी, टॅक्सोमायसिस अँड्रियानी, कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या खाद्यद्रावात वाढवली तरी, स्वतंत्रपणे टॅक्सॉल बनवते. केवढी खळबळ झाली असेल विचार करा. पण प्रमाण होतं एका लिटरमागे २४ ते ५० नॅनोग्रॅम. हिशोब करून बघा, वरचा आकडा धरला तरी एक ग्रॅम औषधाला दोन कोटी लिटर कल्चर लागेल. पुढे अशा कितीतरी बुरश्यांचे दावे आले, आणि २०१३ मध्ये एका गटाने ह्या बुरश्या पुन्हा नीट तपासल्या तर बुरशी स्वतः टॅक्सॉल बनवते ह्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. आजचं औषध यू झाडाच्या पेशी टाकीत वाढवून किंवा यूच्या सुयांसारख्या पानांतला एक घटक घेऊन त्यावर पुढची प्रक्रिया करून बनतं.

दुसरी गोष्ट कॅम्पटोथेसिनची. पश्चिम घाटातल्या नरक्या झाडात हे असतं, त्यापासून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं आली. २००५ मध्ये नरक्यातल्या एका बुरशीत ते सापडल्याचा पेपर आला. नंतर चीनमधल्या कॅम्पटोथेका झाडातल्या फ्युजेरियम ह्या बुरशीवर काम झालं आणि तिथे जे दिसलं ते मला फार विचार करायला लावणारं वाटतं. सबकल्चर करत गेलं, म्हणजे जुन्या कल्चरमधून नव्यात लावत गेलं, तसतसं, सातव्या पिढीपर्यंत, उत्पादन घसरत गेलं, आणि शोधल्यावर कळलं की बनवायच्या साखळीतल्या एका टप्प्याचं एन्झाइम त्या बुरशीकडे नाहीच, तेवढ्यापुरती ती झाडाच्या एन्झाइमवर अवलंबून. म्हणजे प्लेटवर एकटी काढली की तिची कडी तुटते. आणि गंमत बघा, कॅम्पटोथेसिन पेशीतल्या ज्या एन्झाइमला जाऊन अडकतं ते ह्या बुरशीमध्ये थोडं बदललेलं आहे, त्यामुळे त्या विषात राहूनही तिला काही होत नाही.

पण "बुरशीच बनवते" हे जिथे पक्कं सिद्ध झालंय ती गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते, आणि मला तीच सगळ्यात जास्त आवडते. १९६० मध्ये स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन ह्यांनी सांगितलं की मेक्सिकोतले मूळ रहिवासी औषधी आणि पवित्र मानत असलेल्या एका वेलीच्या, म्हणजे आपल्या गारवेलीच्या कुळातल्या वेलीच्या, बियांमध्ये अर्गट अल्कलॉइड्स आहेत. अर्गट म्हणजे राय धान्यावरची बुरशी, तिच्यातली द्रव्यं बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला वापरतात. बुरशीचं रसायन वेलीत कसं असेल? कित्येकांनी विश्वासच ठेवला नाही, म्हणाले सॅम्पलमध्ये काहीतरी भेसळ झाली असणार. अनेक वर्षं हे कोडं तसंच पडून होतं. मग जर्मनीत बॉनमधल्या गटाने ह्याच कुळातल्या आयपोमिया असारिफोलियाच्या पानांवर बुरशीनाशक मारून बघितलं, २००४ मधला पेपर आहे. पानाच्या वरच्या बाजूला तेलाच्या ग्रंथींभोवती असलेल्या बारीक पांढऱ्या कॉलनी गेल्या, आणि त्यांच्याबरोबर झाडातली अल्कलॉइड्सही गेली! झाड जिवंत, हिरवं, फक्त औषध गायब. ते बनवायची जीन्स बुरशीत आहेत, पण तयार झालेलं द्रव्य सापडतं पानाच्या आत. २०११ मध्ये ह्या बुरश्यांना पेरिग्लँड्युला हे नाव मिळालं, ग्रंथींभोवती राहणारी. ती बीमधून पुढच्या पिढीत जाते आणि प्लेटवर वाढवायचा प्रयत्न करून बघितला तर वाढत नाही. आणि २०२५ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीतल्या एका विद्यार्थिनीला बागेत लावतात त्या निळ्या मॉर्निंग ग्लोरीमध्ये हिची आणखी एक जात सापडली, बियांच्या सालीवरच्या जराशा लवेवरून. मला तर हे वाचून आपलीच एखादी मैत्रीण जिंकल्यासारखं झालं.

म्हणून कुठल्याही लेखात "अमुक झाडातली बुरशी तमुक औषध बनवते" असं दिसलं की मी आधी तीन गोष्टी शोधते: किती प्रमाणात, किती पिढ्यांनंतर तपासलं, आणि जीन्स सापडली का. नुसतं क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून बघायच्या चाचणीत, आलेखावर एक टोक दिसलं म्हणून उड्या मारू नयेत, प्लेटवर ठेवलेल्या पानाच्या तुकड्यातूनसुद्धा ते द्रव्य येऊ शकतं. आणि तरीही ह्या बुरश्यांना कमी लेखू नका. दालचिनीच्या झाडातून मिळालेली मस्कोडोर अल्बस बघा, तिच्यातून निघणारे नुसते वायू बाजूच्या प्लेटमधल्या दुसऱ्या बुरश्या मारतात, स्पर्शही न करता.

मूळ प्रश्न राहिलाच, पानं औषधाला चालतील का. आतल्या बुरश्या धुऊन जात नाहीत, आणि त्या प्रत्येक पालेभाजीत असतात, त्यांची भीती नको. करपा, तांबेरा, भुरी असलेली पानं घेऊ नका. खरी काळजी घ्यायची ती तोडल्यानंतर. पानं अर्धवट वाळवून डब्यात भरली की शेतातल्या बुरश्या मागे पडतात आणि साठवणीतल्या सुरू होतात, त्यात ॲस्परजिलस फ्लेव्हस असली तर अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकतं, जे यकृताला घातक आहे आणि उकळून जात नाही. युरोपियन फार्माकोपियात, म्हणजे युरोपच्या औषधांच्या मानकांच्या ग्रंथात, वनौषधींसाठी अफ्लाटॉक्सिन बी१ ची मर्यादा किलोला २ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे किती कमी बघा. पान चुरल्यावर कुरकुरीत तुटलं पाहिजे, वाकलं तर अजून ओल आहे. कोंदट वास आला की सरळ फेकून द्या, वरची बुरशी काढून वापरणं नको.

कोलेटोट्रिकम नावाच्या बुरशीचं राहिलं. ही तीच जी पिकांवर करपा आणते, आणि अनेक औषधी झाडांच्या निरोगी पानांत ती गुपचूप राहतानाही सापडते. १९९३ मध्ये हिच्या एका रोगकारक जातीचं एक जीन बिघडवल्यावर ती रोग न करता झाडात राहू लागली आणि उलट झाडाला वाचवू लागली असं दाखवलं गेलं. रोग आणि सोबत ह्यांच्यात एका जीनचं अंतर.

माझ्या अडुळशाच्या हिरव्या पानांतून ती आलीच होती. वर्षाच्या शेवटी सहज म्हणून त्याच झाडाखाली गळून पडलेलं एक पिवळं पान उचललं, वर तसंच निर्जंतुक केलं, पेट्री प्लेटमध्ये ओल्या फिल्टर पेपरवर ठेवलं आणि झाकण लावलं. आठवडाभर काही नाही. मग पानभर बारीक काळपट पुटकुळ्या आल्या, आणि दोन दिवसांनी त्यांच्यातून फिकट नारिंगी-गुलाबी चिकट थेंब वर आले. एक थेंब सुईच्या टोकावर घेऊन स्लाइडवर पसरवला. सरळ, दोन्ही टोकांना गोल, रंगहीन स्पोअर्स, हजारोंनी, आणि आधी हिरव्या पानातून आलेल्या कल्चरची स्लाइड शेजारी ठेवली तर अगदी तसेच. पान झाडावर होतं तोवर ती आत गप्प होती. आता पान गळलं, आणि पुढच्या पावसात शिंतोड्यांबरोबर वरच्या नव्या पानांवर जायला हे स्पोअर्स तयार होते.